खोली नंबर सातची किल्ली

अकराच्या आत किल्ली द्यायचीय वॉर्डनबाईंकडे.
नथू सुंभानं गादीची वळकटी बांधतोय
आणि मी भिंतीवरचे खिळे मोजतेय.
आलो तेव्हा तीन होते, आता नऊ.
सहा आम्ही ठोकले या तीन वर्षांत.
कॅलेंडर, आरसा, मच्छरदाणीचं टोक,
त्याचा पांढरा झगा, माझी नर्सिंगची जुनी पिशवी,
आणि एक असाच, भांडणात,
काहीच टांगायचं नसताना.

काल मांडवात पदवीदान झालं.
मिरजेचं ऊन कापडातून गळत होतं डोक्यावर.
त्याला पुकारलं, नथानिएल वायदंडे.
मला पुकारलं, सौभाग्यवती वायदंडे.
माझं नाव तबिथा, मी मनात म्हटलं,
आणि ग्रीकमध्ये मला त्याच्याहून अकरा गुण जास्त आहेत.
नथू खुर्चीतून उठून टाळ्या वाजवत राहिला,
एकटाच,
लोक मागं वळून बघेपर्यंत.

आत्याबाई विचारत होत्या, मग काय काय शिकलात गं?
मी म्हटलं, पुष्कळ.
काय सांगणार?
दहा बाय दहाच्या खोलीत दोघांनी एकदम गुडघे टेकले
तर एकाचे पाय दाराबाहेर जातात, हे?
की उपदेश वीस मिनिटांचा असतो
आणि तो लिहिताना धरलेला अबोला दोन दिवसांचा?

दुसऱ्या वर्षी, पाचव्या महिन्यात, आमचं बाळ गेलं.
त्याच आठवड्यात त्याचा शोकसांत्वनाचा पेपर होता.
पहिला आला त्यात.
वॉर्डात आला तेव्हा खिशात टिपणाचे कागद होते,
मला दिसत होते.
एकही काढला नाही.
माझी साडी उचलली बादलीतून
आणि मुलांच्या हॉस्टेलसमोरच्या नळावर बसून
धुतली, दगडावर, भर दुपारी,
चौकडा पँट गुडघ्यापर्यंत दुमडून.
वरच्या गॅलरीत पोरं उभी होती. कुणी हसलं नाही.
देवाशी मी तेव्हा बोलत नव्हते.
नथू माझ्या वाटचंही बोलत असावा.
किंवा तोही गप्प असेल. मी विचारलेलं नाही.

हॉस्पिटलातून परतताना
सतारमेकर गल्लीत टेकायचो आम्ही, उस्मानचाचांकडे.
भोपळे वाळत टाकलेले, लाखेचा वास.
तंबोऱ्याच्या जोडीच्या तारा लावत ते एकदा म्हणाले,
दोघींचा सूर एकच, पण बेटा,
एकीवर बोट ठेवून दुसरी वाजत नाही.
नथूनं ते वहीत लिहून घेतलं, उपदेशात वापरायला.
मी म्हटलं, आधी घरात वापर.
चाचा हसले, आणि तारेखाली सुताचा धागा सरकवत राहिले,
केसभर पुढं, केसभर मागं.

नेमणुकीचं पत्र आलंय. जत तालुका, उमदीच्याही पुढं.
सात घरांची मंडळी, पत्र्याचं छप्पर, टँकरचं पाणी.
पाळक एक. पगार एक.
शेवटी एक ओळ:
पाळकीणबाईंनी रविवारची शाळा बघावी, ही विनंती.
बघेन.
रक्तदाबाचं मशीनही नेणार आहे,
आणि ग्रीकची वही,
आणि महिन्यातून एक रविवार व्यासपीठावर मी,
हे नथूनं उत्तरात लिहिलंय, मला न विचारता.
त्यावरनंही भांडलो काल रात्री.
मला दोन हवे होते.

साडेदहा झाले. खिळे काढायला घेतले.
पाच निघाले.
सहावा हलेना, पक्कडही घसरली.
राहू दे, नथू म्हणाला, कुणाला तरी लागेल.

फाटकाशी शिराळ्याकडचं जोडपं उभं आहे,
पत्र्याची पेटी, स्टोव्ह, नवा कोरा मंगळसूत्राचा क्रूस.
पोरगी माझ्याजवळ येऊन हळूच विचारते,
बाई, पाणी किती वाजता येतं इथं?
पहाटे साडेचारला, मी सांगते,
आणि किल्ली तिच्याच हातात देते.
रजिस्टरमध्ये सही काय ती होईल नंतर.
साडेचारला. दोघंही उठत जा.