नळीवर हात

नोल्बेर्तो पाण्यात उतरला की
मी बोटीवर असते, त्याच्या नाकाच्या जागी.

केल्योनच्या बंदरापासून दोन तासांवर,
जिथे बेटं संपत येतात आणि थंडी संपत नाही,
तिथे इंजिन बंद करून आम्ही कॉम्प्रेसर चालू करतो.
गुरगुरणारं जनावर. त्याच्या पोटाशी बिअरचं जुनं पिंप,
पिंपाला पितळी तोंड, तोंडाला पिवळी नळी साठ मीटरची,
आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला माझा भाऊ.

मंगळवारपासून आम्ही बोलत नाही.
कारण आईच्या मेंढ्यांचं आहे, तेरा मेंढ्यांचं,
म्हणजे खरं तर विकताना त्याने विचारलं नाही, त्याचं.
सकाळी त्याने शिशाचा पट्टा आवळला,
नळीचा एक फेरा कमरेभोवती घेतला.
मी जोडावर साबणाचं पाणी सोडलं.
बुडबुडा आला असता तर बोलावंच लागलं असतं.
नाही आला.
कपाळावरचा मास्क डोळ्यांवर ओढून तो गेला.

वडील म्हणायचे, एदुविना,
नळी सहसा दगा देत नाही. दगा देतो तो जोड.
म्हणून मी जोडाकडे बघते.
आतलं रबरी कडं, तान्ह्या बाळाच्या अंगठीएवढं,
दर रविवारी काढून, पुसून, बोटांत फिरवते;
केसाएवढी चीर असली तरी नखाला कळते.

बारा वाव खाली तो काटेरी एरिसो उपटतोय.
वर त्याचे बुडबुडे,
दूध उतू जाण्याआधी कडेला येतात तसे.

साडेदहाला वारा फिरला.
आधी गालाला कळलं, मग नाकाला:
यंत्राचा धूर यंत्राच्याच तोंडात चालला होता.
कुणाच्या छातीत जायचंय, हे धुराला काय माहीत.
हवा ओढणारा पाइप मी वल्ह्याच्या टोकाला बांधला,
वल्हं नाळेवर उभं केलं, वाऱ्याकडे तोंड करून,
आणि नळी ओढली. एकदा.
एकदा म्हणजे, बरा आहेस ना?

उत्तर लगेच येत नाही. कधीच येत नाही.
हात भरलेले असतात त्याचे,
किंवा राग असतो,
किंवा खाली काहीतरी फार सुंदर असतं;
हे त्याने एकदाच सांगितलंय, प्यायल्यावर.
मी मोजत होते. तेरापर्यंत आले, मेंढ्या आठवल्या,
पुन्हा एकपासून.

मग तळहाताला झटका.
गळाला मासा लागावा तसा,
पण उलटा, जणू मीच लागलेय.
त्यामागून नळी जराशी आडवी हलली,
आमच्या खुणांत न बसणारं काहीतरी.

वर आल्यावर त्याने तोंडातलं रबर काढलं, थुंकला.
‘हवेला धुराची चव होती.’
मी म्हटलं, वारा फिरला.
त्याने नाळेवरच्या वल्ह्याकडे पाहिलं,
एरिसोची जाळी माझ्या पायाशी टाकली.

नळी गुंडाळायचं काम माझं. एकटीचं.
आज तो पलीकडचं टोक धरून उभा राहिला,
ओल्या केसांनी, कुडकुडत.
मेंढ्यांचं अजून बाकी आहे.