सातव्या मिनिटाला

कुडचड्यात, टायरवाल्याच्या माडीवर माझं दुकान.
रात्री साडेआठला यतीन फळदेसाई आला,
टॉवेलात ग्राफिक्स कार्ड गुंडाळून,
पोदेराकडून गरम पाव आणावेत तसं.
मागे सेल्विन, हेल्मेट काखेत.
"नरकासुराचा जबडा फिरवला की
दातांवर हिरवे चौकोन उगवतात.
चतुर्दशीला अकरा दिवस उरलेत."

आधी कुणालाच दोष द्यायचा नाही.
केबल बदलली. चौकोन आहेत.
मॉनिटर बदलला. आहेत.
त्यांच्या वाड्यावर सांजेला दिवे पिवळे पडतात,
म्हणून कार्ड माझ्या मशीनमध्ये लावलं,
माझ्या पॉवर सप्लायवर,
ड्रायव्हर मुळापासून पुसून नवा घातला.
चौकोन सोबत आलेच होते,
पाहुण्याच्या चपलेत रुतलेल्या खड्यासारखे.

मग पंखे काढले.
आत तांबडी माती.
ट्रक थांबले, बार्ज थांबल्या,
धूळ मात्र कामावर येत राहिली होती.
ब्रशने झाडली, स्पिरिटने पुसली,
दगड झालेली पेस्ट खरवडून नवी लावली.
"बाबांचा ट्रक होता," सेल्विन म्हणाला.
मी काहीच विचारलं नव्हतं.

मल्टिमीटरच्या सुया टेकवल्या
इथे, तिथे, कॉइलच्या दोन्ही टोकांना.
शॉर्ट नाही. मीटर गप्प.
तो ओरडला असता
तर मी वेळेवर जेवायला गेलो असतो.

टेस्ट लावली.
एकसष्ट अंश. सत्तर. अठ्ठ्याहत्तर.
पंख्यांचा आवाज चढत गेला,
यतीनने खुर्ची थोडी मागे घेतली.
सातव्या मिनिटाला, त्र्याऐंशीवर, पहिली चूक.
मग चाळीस, मग चारशे.
थांबवलं. थंड होऊ दिलं. तोवर चहा.
पुन्हा लावलं: सातव्या मिनिटाला.
तिसऱ्यांदाही सातव्याच.
खोटं बोलणारा निदान वेळ तरी बदलतो.

पेन्सिल उलटी धरली, रबराच्या बाजूने,
आणि बोर्डाच्या पाठीवरून
एकेका मेमरी चिपची जागा दाबत गेलो.
पहिली. दुसरी. आकडा धावतोय.
तिसरी, चौथी.
पाचवीवर दाब दिला
आणि आकडा उभा राहिला.
दाब सोडला. धावला.
पुन्हा दिला. उभा.
तिघेही वाकून बघत होतो.
चिपखालचा एक टाका टिचलाय,
केसाहून बारीक,
तापलं की तोंड उघडतो.

"ओव्हनमध्ये ठेवतात म्हणे दहा मिनिटं?"
यतीनने सेल्विनकडे बघत विचारलं.
सेल्विनच्या घरी ओव्हन आहे.
म्हटलं, भाजलं की बरं झाल्यासारखं दिसतं.
किती दिवस, ते ओव्हनला विचार.
आणि त्यात नंतर आईला
बोलिन्हा भाजू देऊ नकोस.

चिप बदलणारा माणूस बेळगावला आहे.
दोन आठवडे घेतो, उचलतो तेव्हाच फोन उचलतो.
तोवर मेमरीचा वेग उतरवून दिला,
सत्तर अंशांवर कुलूप घातलं.
जबडा सावकाश फिरवा.
दात एका वेळी एकच रंगवा.
सगळा राक्षस एकदम बघायचा हट्ट नको,
तो मैदानात बघा, बांबू उभे राहिल्यावर.

पावतीवर 'दुरुस्त' लिहिलं होतं.
खोडलं.
'दोष सापडला' लिहिलं, तीनशे रुपये घेतले,
पन्नास परत दिले, का ते माहीत नाही.

यतीन जिना उतरला.
सेल्विन दारातच थांबला.
"दाबून धरलं तर चालतं ना ते?
म्हणजे, रात्रभर?"
"चालतं. पण कुणीतरी धरून बसायला हवं."

त्याने मान हलवली, हेल्मेट चढवलं.
खाली टायरवाला शटर ओढत होता.
टेबल आवरताना कळलं,
पेन्सिल गेली.