दुसरा माणूस

बोरामणी फाट्यावर माझं वेल्डिंगचं दुकान.
दारं, ग्रिल, कडब्याच्या गाड्या,
एकदा देवळाचा कळसही डागलाय.
मलकारी आला तेव्हा मे चालू होता,
हातोडीची मूठसुद्धा चटका द्यायची.
त्यानं खिशातून बिडीच्या पुड्याचा कागद काढला.
त्यावर ट्रॅक्टर, त्याच्या पाठीतून निघालेला लांब हात
आणि टोकाला हुक,
पोरं मांजराला काढतात तसल्या शेपटीचा.

खोली बांधतोय, म्हणाला. एकटाच.
भिंती झाल्या. आता गर्डर चढवायचेत, सात,
चौदा फुटी. वर शहाबादी फरशी.
गडी लाव की.
गडी पुण्याला गेले. उरलेत ते सकाळी येतात,
दुपारी त्यांचा फोन लागत नाही.
मग भाऊ?
तो माझ्या ग्राइंडरकडे बघत राहिला.
मी पुन्हा विचारलं नाही. एवढंच म्हणालो,
एक जण लिव्हरवर, एक जण भिंतीवर,
दोन माणसं लागतातच याला.
तेच तर, म्हणाला.
दुसरा माणूस बनवून दे.

बोअरचा जुना लोखंडी केसिंग पाईप घेतला.
बुडाला दोन फाटे, लिफ्टच्या हातांत बसतील असे,
वर टॉप लिंकची पिन,
आणि जागोजागी त्रिकोणी पट्ट्या,
कारण पाईप वाकतो तो नेहमी
आपल्याला वाटतं त्याच्या वीतभर अलीकडे.

पहिला गर्डर उचलला
तर ट्रॅक्टरची पुढची चाकंच उठली,
म्हशीनं डबक्यातून तोंड वर काढावं तशी, सावकाश.
मलकारी सीटवर, आभाळाकडे तोंड करून.
उतरताही येईना, शिवीही सुचेना.

मग मी सोलापुरात गेलो.
बाप जिथं चादरी विणायचा
तिथं आता मंगल कार्यालय आहे.
मागच्या गल्लीत भंगारवाल्याकडे
एका मागाची बिडाची चौकट पडली होती, किलोवर.
ती घरी नेऊन बापाला दाखवली.
त्यानं तिच्यावरून हात फिरवला
आणि तेलुगूत काहीतरी म्हणाला,
मराठीत सांगण्यासारखं नाही ते.
ट्रॅक्टरच्या नाकावर बोल्टांनी आवळली.
चाकं जमिनीला चिकटली.

राहिली लिव्हर.
तिला दोन सुती दोऱ्या बांधल्या, कप्प्यांवरून वळवून
भिंतीवर नेल्या. निळी ओढली की वर,
पांढरी ओढली की खाली.
चाकांना धोंडे लावले.
रिकाम्या सीटचा ट्रॅक्टर गुरगुरत उभा,
मलकारी वर, कमरेला दोऱ्या खोचून,
आणि गर्डर हवेत हळूहळू वळायला लागला, भलतीकडेच.
मी हात पुढे केला.
हात लावू नको! तो वरून ओरडला.
उद्या तू असणार नाहीस.

मग गर्डरच्या शेपटीला तिसरी दोरी आली.
ती त्यानं दातांत धरली.

सात गर्डर, नऊ दिवस.
मी दोनदाच गेलो, तेही लांबून बघायला.
दहाव्या दिवशी तो पैसे द्यायला आला,
तीनशे कमी होते, ते पुढच्या बाजारी म्हणाला.
म्हणाला, रात्री हात वर ठेवून झोपतो,
पहाटे बघावं तर हुक जमिनीला टेकलेला.
सील गेलंय, मी म्हणालो, तेल गळतंय. बदलून देतो.
तो थोडा वेळ थांबला.
राहू दे, म्हणाला,
त्यालाही टेकू दे.

फरश्या अजून बाकी आहेत. एकूण छप्पन्न.