पाच क्लिक

खिंडीच्या वरच्या वळणावर माझी चहाची व्हॅन असते,
रविवारी, सकाळी सहापासून.
वेल्सचे हे डोंगर तेव्हा अजून ढगांतून उठलेले नसतात,
मेंढ्या रस्त्यावरच बसलेल्या, ऊब असते तिथे.
दरीतून आधी आवाज येतो,
मग गाड्या.

बुटक्या. काउंटरवरून मला फक्त छतं दिसतात.
माणसं बाहेर येतात ती हप्त्याहप्त्यानं :
एक पाय, एक हात, एक शिवी,
मग उरलेला माणूस.

इमरिस म्हणतो, स्प्रिंग कडकच हवी,
रस्ता काय बोलतोय ते ढुंगणाला कळलं पाहिजे.
रस्ता बोलतो खरा.
परवा शाळेपुढच्या गतिरोधकावर
त्याच्या दाढेतली चांदी निघून आली.

तेगिदचं सगळं टायरवर.
मऊ रबर, कोरड्या रस्त्याला घोरपडीसारखं चिकटतं.
कोरडा रस्ता इथे वर्षातून अकरा दिवस.
आणि सहा हजार मैलांत टायरला टक्कल,
तेगिदला पडलं त्याहून लवकर.

नेरिस सुईण आहे.
गाडीला सीट दोन. एकीवर ती,
दुसरीवर पट्ट्यानं आवळलेला गॅसचा सिलिंडर.
सामान मावतं का गं एवढ्यात, मी विचारलं होतं.
म्हणाली, बाळं आपापल्या घरीच होतात,
त्यांना डिकी लागत नाही.

रोजच्या वापराचं विचारू नये यांना.
इमरिसनं एकदा शिडी आणली होती, छत उघडं टाकून,
चौदा मैल, पावसात,
आणि वर सांगत होता, बघ, मावली.

इथेल उशिरा आला. हल्ली उशिराच येतो.
पाटीच्या दगडाच्या खाणीत चाळीस वर्षं काढलेला माणूस,
या सगळ्यांत त्याची गाडी कडक,
नाण्यावरून गेली तर छाप की काटा सांगेल अशी.
चहात साखर ढवळत राहिला. मग म्हणाला,
सगळ्यात कमी आवाज करणारं टायर कोणतं?

हसले सगळे.
तो म्हणाला, शॉक अ‍ॅब्सॉर्बरही मऊ केलेत मी. पाच क्लिक.
पाच! इमरिस ओरडला, जमीन विकल्यासारखा.
मग गादीच घे ना एक, चाकं लावून.

मंगळवारी आणि शुक्रवारी, इथेल म्हणाला,
मार्गेडला डायलिसिसला न्यायचं असतं.
बत्तीस मैल.
येताना दंड ठणकत असतो,
प्रत्येक खड्डा तिथेच लागतो तिला.

दुसरी गाडी होती की तुझी.
विकली. तिनंच सांगितलं, ही ठेव.
हिच्यात खाली बसलं की म्हणे
कुंपणाच्या वरचं आभाळ तेवढं दिसतं, बाकी काही नाही.

कुणी काही बोललं नाही.
मी उगाच किटली पुसली.

मग तेगिद म्हणाला, हवा दोन पाउंड कमी ठेव,
आणि चाक एक इंच लहान घाल,
रबराची भिंत उंच मिळते, धक्का तीच खाते.
इमरिस तोवर ओल्या खडीवर उताणा,
टॉर्च तोंडात धरून गाडीखाली.
तिथूनच काहीतरी बरळला, मग टॉर्च काढून नीट :
हे बुश गेलेत रे, दगड झालेत दगड.
नवे पडून आहेत माझ्याकडे. उद्या येतो.
नेरिसनं एवढंच विचारलं, हात कोणता?
डावा.
म्हणजे दाराच्या बाजूचा. दाराला उशी बांध.
छोटी. बाळाची असते तसली. देते मी.

इथेलनं चहाचे पैसे दोनदा दिले.
मी एकदाचे परत केले.

उतारावर, गुरं अडवायला,
रस्त्यात लोखंडी दांड्यांची जाळी आहे.
गाड्या गेल्या की मी इथून ऐकते.
इमरिस : खडर्र, एका दमात.
तेगिद. नेरिस.
चौथा आवाज येईना.
मी कप विसळायची थांबले.
मग आला,
एक दांडी. थांबून दुसरी. थांबून तिसरी.

आणि गाडीत तर
तो एकटाच होता.