टाळ्या

नेकोचेआचा किनारा, जानेवारी, दुपारचे चार.
एतेल्विना नव्या पोराला सांगतेय :
ओरडतो तो बुडत नसतो, ब्राउलिओ.
बुडणाऱ्याला श्वासच पुरत नाही,
हाक कुठून देणार?
तो शिडी चढत असल्यासारखा दिसतो,
हात पाणी दाबतात, पायरी सापडत नाही.
केस डोळ्यांवर येतात
ते मागे सारायचंही सुचत नाही त्याला.

आणि ती बघ, लाट जिथे फुटत नाही
ती शांत, गढूळ वाट.
लोक नेमके तिथेच उतरतात.
तीच ओढते आत.

पोरगा मान हलवतो. नाकावर पांढरं मलम,
गळ्यात शिट्टी, एकदाही न वाजलेली.

बोलता बोलता ती थांबते.
कडू येर्बाचा पेला वाळूत कलंडतो.
"बोट रोख त्या डोक्यावर. लाटेआड गेलं
तरी बोट हलवू नकोस."
एवढंच. आणि ती पळते.

ज्या ओढीने त्याला नेलं
तिच्याच पाठीवर बसून ती जाते.
दोन हातांवर थांबते, नारिंगी तरंगा पुढे ढकलते :
मला नाही, याला धर. याला!
बुडत्याला काडीचा आधार म्हणतात,
पण माणूस हाताशी आला
की तो माणसाचीच काडी करतो.
तो तिच्या खांद्यांवर चढू बघतो.
ती खाली बुडी मारते.
खाली कोणी येत नाही मागे.
मग पाठीकडून, काखेतून, तरंग्यासकट,
आडवं, किनाऱ्याला समांतर,
फेस दिसेपर्यंत.

वाळूवर तो कुशीवर ओकतो.
पहिला शब्द : "माझा चष्मा?"
बायको त्याला शिव्या घालतेय, रडतेय,
टॉवेलने इतकं जोरात पुसतेय
की कातडी लाल.

तेवढ्यात टाळ्या.
आधी दोघं-चौघं, मग छत्री-छत्रीखालून
सगळा किनारा.
ब्राउलिओच्या चेहऱ्यावर हसू फुटू लागतं.
"आपल्यासाठी नाहीत," ती धापा टाकत म्हणते.
इथे मूल हरवलं की टाळ्या वाजवतात.

अनोळखी माणसाच्या खांद्यावर एक मुलगी,
पिवळी टोपी, हातात बादली,
टाळ्यांच्या मधून चाललेली.
तो ओला माणूस उठतो, गुडघ्यात मोडतो,
पुन्हा उठतो,
बायको त्याच्याही पुढे धावत सुटलेली.

टाळ्या थांबतात.
थांबल्या, म्हणजे सापडली.

ब्राउलिओचं बोट अजून पाण्याकडेच,
कोपरापासून थरथरतंय.
"हात खाली घे आता," ती म्हणते
आणि वाळूत पेला शोधू लागते.