बंद व्हस का

तीस फुटांचा दांडा, टोकाला ब्रश
आणि कडेने बांधत नेलेली बोटभर नळी.
मी खाली उभा, मान मागे टाकून,
तिसऱ्या मजल्याच्या काचा धुतो.
गाव धुळे. नळाला पाणी यायचा वार
इथे लोक कॅलेंडरवर लिहून ठेवतात,
आणि बँकेला मात्र काच
दर सोमवारी नवी लागते.

गेल्या उन्हाळ्यात दांड्यावर प्लास्टिकची तोटी होती,
निळी, हलकी, पस्तीस रुपयांची.
चैत्रात ती उघडायची, मिटायची.
वैशाखात नुसती उघडायची.
एका दुपारी तिचा कान तुटून
माझ्या चिमटीत राहिला
आणि पाणी आपलं चालूच.
भिकन टाकीकडे पळाला.
टाकी टेम्पोवर, टेम्पो गल्लीच्या पार पलीकडे.
तो पोचेपर्यंत
बाजेवर वाळत घातलेले
बेबाबाईचे सगळे बिबडे
पुन्हा पीठ झाले.

बेबाबाई वॉचमनची बायको. ओरडली नाही.
तो निळा तुकडा माझ्या हातातून घेतला,
उन्हात धरून पाहिला.
"उघडाले काय, कोनी बी उघडस.
बंद व्हस का,
ते देखीसन लेवानं व्हतं."

दुसऱ्या दिवशी आग्रा रोडला, काईदभाईंच्या दुकानात.
त्यांनी आधी ठिबकची तोटी काढली.
केळीच्या बागेत दहा वर्षं चालते, म्हणाले.
चालत असेल. बागेत तिला
दिवसातून एकदा फिरवतात,
मी चारशेदा.
मग एक सोनेरी, लग्नातल्या दागिन्यासारखी.
नखाने खरवडली तर आतून राखाडी निघाली,
काईदभाईंनी ती न बोलता डब्यात परत टाकली.
तिसरी बिनचमकेची, गोटीच्या कॉकची,
हातात घेतली तर मनगट खाली गेलं.
"जड आहे," ते म्हणाले, "दांडा पेलेल?"
हे वजन ब्रशपाशी असतं तर खांदा गेला असता.
मी तोटी कमरेशी बसवणार होतो,
आणि कमरेच्या उंचीवर वजन कोण मोजतं?

तोटी मिटली, तोंडाला लावली,
गाल फुगेपर्यंत फुंकलं.
रंगाचा डबा घ्यायला आलेली दोन पोरं हसली.
काईदभाई हसले नाहीत.
पलीकडच्या तोंडाशी त्यांनी
आपला ओला अंगठा धरला होता.
"नाही येत," म्हणाले. "पुन्हा."
पुन्हा फुंकलं. नाही आली हवा.
दोनशे ऐंशी. वीस मी मागितले नाहीत,
त्यांनी टेफलॉनची एक रीळ वर टाकली.
पितळेची चव जिभेवर राहिली
संध्याकाळच्या चहापर्यंत.

वैशाखात पितळ चावतं,
हे त्यांनी सांगितलं नव्हतं, मी विचारलं नव्हतं.
पहिल्याच दिवशी तर्जनीवर फोड.
आता कानावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा ओढलाय,
भिकनच्याच सायकलचा, त्याला न सांगता.
एका खिडकीवरून दुसरीवर जाताना
अंगठ्याने आडवी करायची
की पाणी जागच्या जागी.
दिवसाला दोन ड्रम वाचतात, मी म्हणतो.
भिकन म्हणतो, एक.
तो टँकरवाल्याचा भाचा, त्याला पाणी मोजता येतं.

आज बेबाबाईने बाज पुन्हा तिथेच टाकली,
नेमकी त्याच खिडकीखाली, वर ज्वारीचे बिबडे.
मी म्हटलं, थोडी सरकवा.
तिने बाज सरकवली नाही, स्वतः आली.
तोटीचा कान धरला, उभा केला, आडवा केला,
उभा, आडवा,
शेगडीची कळ तपासावी तसा.
मग हात लुगड्याला पुसला.

नळीत उरलेलं पाणी तेवढं वर होतं.
ब्रशच्या टोकाला एक थेंब जमला,
जाड झाला, लोंबत राहिला.
आम्ही तिघेही मान मागे टाकून.
पडला.
बाजेच्या चार बोटं अलीकडे,
फरशीवर, आणि लगेच वाळला.

ती वाकली
आणि बिबडे उलटवायला लागली.