डाग

कच्छी बाजारात दुपारी गिऱ्हाईक नसतं.
खिल्लाऱ्यांची संघमित्रा कप घेऊन आली,
एक कान तुटलेला. कपाचा.
तिचाही एक सुजून वडा झालेला.
रग्बी, मामा. विभागात दुसऱ्या आलो.

मी बागेसरी फुलवली. ती स्टुलावर बसून बोलायली:
कलकत्त्यात गोऱ्यांचा क्लब होता.
दारू फुकट होती तोवर माणसं होती,
दारू बंद झाली, क्लब बसला.
बँकेत उरले रुपये दोनशे सत्तर.
ते वितळवून कप केला,
कानांच्या जागी तीन नाग, झाकणावर हत्ती,
आणि विलायतेला धाडला.
इंग्लंड-स्कॉटलंड अजून त्याच्यासाठी चिखलात लोळायलेत.

राणीछाप? मी विचारलं.
राणीछापच असणार. तोळ्याला एक.
म्हणजे तीन शेर, वर तीस तोळे,
बारा भागांत अकरा चांदी, घट वेगळी.
तिला तो स्कोअर वाटला.

मग वेल्स आलं, आयर्लंड आलं.
फ्रान्सला घेतलं, हाकललं, लढाईनंतर परत बोलावलं.
इटली तर परवाची.
शंभरावर वर्षं जिंकणाऱ्याला कप असा नव्हताच,
हरणाऱ्याला लाकडी चमचा,
तोही नुसता बोलण्यापुरता.
जर्मनी?
नाही.
मग परभणीचं विचारायलाच नको.
ती हसली, ओठाचा टाका ताणला.

मी सवागी लावली. तोंडात फुंकणी, बोलता येईना.
आलं असतं तरी हे सांगितलं नसतं:
त्याच दोन-तीन सालांत इकडं पाऊस नव्हता.
पणजोबांच्या वहीत, मोडीत,
वाळे एक जोड, मोडले.
गोठ, मोडले.
राणीछापाची माळ, नाणी सोळा, मोडली.
देणारीचं नाव एकीचंही नाही.
ती चांदी पुढं कशाची झाली, मूस सांगत नाही.

कान बसला.
पोटावरचा पोचा काढायला लाकडी हातोडी उचलली
तर तिनं हात धरला. राहू द्या मामा.
तिकडच्यालाही पोचे पडलेते,
दोघा खेळाडूंनी रात्री पिऊन
एडिंबरोच्या रस्त्यावर त्याचाच चेंडू केला होता.
हा माझ्या हातून पडला. फायनल हरल्यावर.
पडला म्हणजे, आपटला.

वीस रुपये म्हणालो. तिच्याकडं एकोणीस निघाले.
कप काखेत दाबून, मान खाली घालून
हातगाड्या चुकवत ती गेली.

पितळ होतं, वर मुलामा.
कसाला मी लावलं नाही.